लिमिटेड एडिशन वस्तू घेऊन लगेच चढ्या भावाने विकणं: व्यापार की लुबाडणूक?

पानगळ (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. कंपनी मोजकेच नग काढते, मग ते पोकेमॉनचे खेळायचे-जमवायचे पत्ते असोत, लबूबू बाहुली असो नाहीतर बूट. विक्री उघडल्या उघडल्या माल संपतो आणि तासाभरात तोच माल दुसऱ्या साइटवर तिप्पट भावाने हजर. मधल्या माणसाने काय केलं? वस्तू बनवली नाही, लांबून आणली नाही, जपलीसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा.

यावर 'हा व्यापारच आहे' असं उत्तर येणार, म्हणून आधीच सांगतो. व्यापारी जिथे माल पडून आहे तिथून उचलतो आणि जिथे मिळत नाही तिथे पोचवतो. त्याने दोन पैसे कमावले तर कोणाच्या पोटात दुखत नाही. इथे गिऱ्हाइकाच्या पुढ्यातला माल उचलायचा आणि त्याच गिऱ्हाइकाला विकायचा. हा मध्ये तडमडला नसता तर त्याला तो छापील किमतीत मिळालाच असता.

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या मॅकडोनाल्ड्सने लहान मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉनचे पत्ते दिले. लोकांनी ढिगाने जेवणं विकत घेतली, पत्ते काढून घेतले आणि खाणं तसंच टाकून दिलं. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पोरांसाठी असलेली वस्तू पोरांच्या हाती लागू द्यायची नाही, याला मी तरी व्यापार म्हणणार नाही.

जुन्या वस्तूंबद्दल मी बोलत नाहीये. ज्याने वीस वर्षं एखादं खोकं सांभाळलं त्याने लावावी हवी ती किंमत. माझा आक्षेप पहिल्या दिवशीच्या झडपेवर आहे. मतं येऊ द्या.

हिशेबी_माणूस

"त्याच गिऱ्हाइकाला" इथेच गाडी घसरली. नग हजार आणि इच्छुक दहा हजार असतील तर रीसेलर (घेऊन लगेच विकणारे) असोत वा नसोत, नऊ हजार लोक हात हलवत परत जाणार. प्रश्न फक्त कोणते नऊ हजार एवढाच. रांग लावली तर ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे तो जिंकतो. भाव चढला तर ज्याच्याकडे पैसा आहे तो जिंकतो. भरदुपारी विक्री उघडते तेव्हा कामावर असलेल्या माणसाने काय करायचं? त्याला रीसेलरकडूनच मिळते, महाग का होईना. वेळ असणं हे पैसे असण्यापेक्षा जास्त पुण्याचं काम आहे असं मला वाटत नाही.

आणि छापील किंमत म्हणजे काही आकाशवाणी नव्हे. कंपनी ती मुद्दाम कमी ठेवते, कारण दारात उडालेली झुंबड ही फुकटची जाहिरात असते. एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा विकणाऱ्याचा हक्क संपला. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीत 'एक डॉलरच घ्यायचा' अशी सूचना छापली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली त्याला सांगितलं, पुढच्या विक्रीचा भाव तुम्ही ठरवायचा नाही.

सातवी_रांग

हिशेबी, अर्धीच गोष्ट सांगताय. त्या खटल्यात मेसीज हे दुकान पुस्तक *स्वस्तात* विकत होतं, ८९ सेंटला. प्रकाशकाला भाव पाडलेला नको होता. गिऱ्हाइकाच्या फायद्याचा निकाल तुम्ही गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणाऱ्याच्या बाजूने उभा करताय. कमाल आहे!

शिवाय कायद्याने चालतं म्हणून बरोबर, हे कुठलं तर्कशास्त्र? कायदा बदलतोही. जपानमध्ये २०१९ पासून कार्यक्रमांची ठराविक तिकिटं धंदा म्हणून मूळ किमतीपेक्षा जास्तीने विकली तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

हिशेबी_माणूस

तत्त्व दोन्हीकडे एकच लागतं, भाव खाली जावो की वर. आणि तिकिटाची गोष्ट वेगळी. कार्यक्रम संपला की तिकीट कागदाचा कपटा. बाहुली आज नाही मिळाली तर पुढच्या वर्षी घ्या, नाहीतर घेऊच नका. तिच्यावाचून कोणाचं काय अडलंय? मी नफेखोरीला शिव्या देतो, पण औषधांच्या. खेळण्यांच्या नाही.

मृद्गंध

"घेऊच नका" हे बरंय. हौसेला मोल नसतं म्हणतात, तुम्ही तर रेटकार्डच लावलंत.

गंजका_रोबो

वरच्या चर्चेत सगळे असं गृहीत धरताहेत की रांगेत माणसं उभी आहेत. मी काही काळ एका ऑनलाइन दुकानाच्या तांत्रिक बाजूला काम केलंय (नाव सांगणार नाही), म्हणून आतलं चित्र सांगतो. एका घरी एकच नग असा नियम असतो ना, तर पत्ता असा लिहितात: एकदा घर क्रमांकाआधी तीन भलतीच अक्षरं, मग मजल्याचा उल्लेख, मग रस्त्याच्या नावात एक अक्षर जास्तीचं. कुरिअरवाल्याला घर बरोबर सापडतं, पण संगणकाला ती वेगवेगळी घरं वाटतात. प्रत्येक ऑर्डरला वेगळं कार्ड, वेगळा मेल आयडी. बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम, हे सगळं भरून पैसे देऊन मोकळा होतो, तोवर तुमच्या स्क्रीनवर चाक फिरतच असतं.

हिशेबींचा 'ज्याच्याकडे वेळ आहे तो' वगैरे सिद्धांत इथे लागूच होत नाही. ज्याच्याकडे बॉट आहे तो जिंकतो, आणि जिंकल्यावर वर पैसेही मागतो. अमेरिकेत बॉटविरोधी कायदा २०१६ मध्ये आला, पण तो तिकिटांपुरता. बूट नि पत्ते मोकळेच.

आणि निव्वळ बाहेरचे लोकच हे करतात असंही नाही. २०२१ मध्ये नायकी या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या एका उपाध्यक्ष बाईंना पद सोडावं लागलं. त्यांच्या मुलाचा धंदा बूट घेऊन चढ्या भावाने विकायचा होता आणि त्यात आईच्या नावावरचं क्रेडिट कार्ड वापरल्याचं बातमीत आलं.

मृद्गंध

कुंपणच शेत खातंय म्हणा की.

बेरकी

घ्या, ज्याच्या नावाने इतका वेळ खडे फोडताय तो आला. मी घेतो आणि विकतो. बॉट वापरत नाही, वापरणाऱ्यांना माझ्याही शिव्या.

तुम्हाला वाटतं प्रत्येक खोकं तिप्पट भावाने जातं. अहो, जे जातं तेच तुम्हाला दिसतं. न विकलेला माल माझ्या कपाटात आहे, त्याचा फोटो कोणी टाकत नाही. साइटचं कमिशन, पॅकिंग, 'खोक्याचा कोपरा दबलाय' म्हणून परत आलेला माल, हे सगळं माझ्याच अंगावर. नव्वदच्या दशकात बीनी बेबीज नावाच्या कापडी बाहुल्यांनी लोक असेच वेडे झाले होते. कंपनी अमुक बाहुली 'निवृत्त' केली म्हणायची की भाव वर. शेवटी बाजार बसला आणि पोरांच्या शिक्षणाची सोय म्हणून बाहुल्या भरून ठेवणारे तोंडावर पडले. त्या वेळी 'बिचाऱ्या रीसेलरचं नुकसान आपण वाटून घेऊ' असं कोणी म्हणालं होतं का?

उलट बाजूही सांगतो. लेगो ठोकळ्यांच्या, उत्पादन बंद झालेल्या सेटवर एक अभ्यास झालाय, १९८७ ते २०१५ मधल्या किमतींचा. सरासरी परतावा वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. वाचून पुष्कळ जण उतरले यात. पण सरासरीच्या पोटात बुडालेले सेटही असतात, ते नंतर कळतं.

पानगळ

बेरकी, प्रामाणिकपणे लिहिलंत हे आवडलं. पण ही जोखीम घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी? ज्याला खेळायचं होतं त्याला घेऊ दिलं असतंत तर जोखीम नव्हतीच कोणाला.

बेरकी

असं तर शेअर बाजारातल्या प्रत्येकाला विचारता येईल. चालू द्या.

चोखंदळ

मी पत्ते जमवते, खेळतेही. माझ्या मते नफा हा गुन्हा नाही, लपवाछपवी हा गुन्हा आहे. पोकेमॉनच्या जुन्या पॅकमध्ये चमकणारा पत्ता असला की त्याच्या फॉइलमुळे पॅक किंचित जड भरतो. मग काही विक्रेते सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेऊन बसतात. एकेक पॅक तोलायचा, जड ते बाजूला काढायचे आणि हलके ते 'न उघडलेले, नशीब आजमावा' म्हणून विकायचे. न उघडलेले आहेत, खरंच. सीलला धक्काही लागलेला नाही. पण त्यातलं नशीब विक्रेत्याने आधीच काढून घेतलंय. हेच लबूबूच्या बंद खोक्यांबाबत चालतं. त्यातली 'सीक्रेट' बाहुली साधारण ७२ खोक्यांत एक निघते, म्हणून लोक खोकी हलवून नि तोलून बघतात. तिप्पट भाव सांगून तिप्पट घेणारा मला चालतो. त्याला नाही म्हणता येतं. हलका पॅक कोणी हातात दिला तर ते मला कळतही नाही.

आता एक प्रश्न, आणि आडवळणाने उत्तर देऊ नका. कंपनीने उद्या तीच वस्तू, तोच छाप, हवी तेवढी पुन्हा काढली, तर चालेल का तुम्हाला? रीसेलरचा धंदा एका दिवसात बसेल. पण तुमच्या कपाटातल्या वस्तूचा भावही बसेल.

पानगळ

हो, चालेल.

सातवी_रांग

मलाही. म्हणजे... 'पहिली छपाई' असा शिक्का वेगळा ठेवला तर.

चोखंदळ

हा घ्या 'तर' आला! सातवी_रांग, राग मानू नका, पण इथेच सगळ्यांचं पितळ उघडं पडतं. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये आला. जुने पत्ते दुर्मीळ झाले म्हणून कंपनीने १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' संचात त्यातले बरेच पुन्हा छापले. ओरडा कोणी केला? रीसेलरांनी तर केलाच, पण जमवणाऱ्यांनीही केला, आमच्या संग्रहाची किंमत पाडली म्हणून. शेवटी १९९६ मध्ये कंपनीने यादीच जाहीर केली: हे पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही. ती यादी आजही पाळली जाते. नव्या खेळाडूला ब्लॅक लोटस हा त्यातला गाजलेला पत्ता परवडत नाही ते काही कालच्या बॉटमुळे नाही. जुन्या संग्राहकांना दिलेल्या शब्दामुळे.

हिशेबी_माणूस

टाळ्या. आणि कंपनीने बाजारभाव स्वतःच घेतला तर लोक खूश होतात का? तेही नाही. याच कंपनीने २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाचा संच काढला. चार पॅक, ९९९ डॉलर. त्यात त्या जुन्या पत्त्यांच्या प्रतिकृती, मागची बाजू वेगळी, अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत अशा. लोकांनी बेरकींना घातल्या नसतील एवढ्या शिव्या कंपनीला घातल्या.

गंजका_रोबो

शिव्या घातल्या ते योग्यच केलं. पण चोखंदळ, तुमच्या मुद्द्यावरून रीसेलर निर्दोष ठरत नाही. पोकेमॉनवाल्यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की छापखाने पूर्ण क्षमतेने चालवतोय. त्याच वर्षी अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीच्या एका दुकानाबाहेर जमवायच्या पत्त्यांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं आणि टार्गेटला पोकेमॉनसह अशा पत्त्यांची दुकानातली विक्री थांबवावी लागली. माल भरपूर येणार हे माहीत असूनही झडप थांबत नाही, कारण नफा पहिल्या आठवड्यातच असतो. २०२३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने फेल्ट टोपी घातलेल्या पिकाचूचा (पोकेमॉनमधलं पात्र) पत्ता भेट म्हणून ठेवला, तर पहिल्याच दिवसांत इतकी रेटारेटी की लोकांच्या नि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तो देणंच बंद केलं. चित्रं बघायला आलेल्यांचा यात काय दोष?

चोखंदळ

निर्दोष म्हटलंच नाही. रीसेलर आणि जमवणारे एकाच नावेत आहेत एवढंच म्हटलं.

पानगळ

मग उपाय बोलू. जपानमध्ये काही दुकानदार पत्त्यांचं खोकं विकतानाच वरचं प्लास्टिक फाडून देतात. खेळणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. 'सील्ड' म्हणून विकणाऱ्याचा मात्र अर्धा भाव तिथेच गेला.

बेरकी

आणि आयुष्यभर सील न फोडता जमवणाऱ्यांचं काय? ते माझ्याहून जास्त रडतील.

सातवी_रांग

रडू देत. (हो, माझ्याकडे आहेत सील्ड. तरी म्हणतो.) याहून सोपा मार्ग आहे. आधी मागणी घ्या, ठराविक मुदतीत जितक्यांनी पैसे भरले तितके नग बनवा. मॅजिकवालेच २०१९ पासून 'सीक्रेट लेअर' नावाचे संच असे विकत होते. ज्याला हवं त्याला मिळायचं, फक्त काही महिने वाट बघावी लागायची. २०२४ मध्ये त्यांनी ते बदललं. आता आधीच मोजके छापतात, लवकर पोचवतात, आणि नावाजलेला संच असला की तो बघता बघता संपतो. वाट बघणं गिऱ्हाइकालाच नको होतं म्हणे.

हिशेबी_माणूस

म्हणजे रांग नको, भाव नको, आणि वाटही बघायला नको.

पानगळ

मला वाट बघायला चालेल. सहा महिनेसुद्धा.

बेरकी

सगळ्यांना चालली तर मी दुसरा धंदा बघेन. ती पद्धत चालू होती तेव्हा मी सीक्रेट लेअरला हातही लावत नव्हतो. २०२४ नंतर मात्र प्रत्येक विक्रीला हजर असतो.