मदत हवी आहे: घराच्या विम्याचा क्लेम सर्व्हेअरपाशी अडकलाय

सिंहगड रोडला तळमजल्यावर फ्लॅट आहे. जुलैत खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला आणि घरात अडीच फूट पाणी आलं. पॉलिसी भारत गृह रक्षा आहे, पूर कव्हर आहे, हप्ता वेळेवर भरलेला. त्यामुळे 'कव्हर आहे का ते बघा' हा सल्ला नको.

दुसऱ्याच दिवशी क्लेम कळवला. फोटो, व्हिडिओ, तलाठ्याचा पंचनामा, सुताराचं कोटेशन, सगळं दिलं. सर्व्हेअर (नुकसान तपासून रिपोर्ट देणारे) चौथ्या दिवशी आले, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून गेले. त्याला नऊ आठवडे झाले. मधे फक्त एक मेल: २०१६ च्या फर्निचरची मूळ बिलं पाठवा. ती बिलं त्याच कपाटात होती, लगदा झालाय! बँक स्टेटमेंट पाठवलं, त्यावर उत्तर नाही. कॉल सेंटर रोज नवा तक्रार क्रमांक देतं, तेवढंच.

प्लायवूड फुगून ट्रॉल्या उघडत नाहीत, वास येतो, आई दम्याची पेशंट. पण 'रिपोर्ट होईपर्यंत काही काढू नका' असं सर्व्हेअर तोंडी म्हणाले होते.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला १२ दिवसांपूर्वी मेल केलाय. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) जाणार. ग्राहक मंचात एवढ्यात नको, तिथे केस असली की लोकपाल तक्रार घेत नाहीत.

ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा: फोटो काढून, कंपनीला मेलने कळवून ट्रॉल्या आत्ता तोडल्या तर क्लेम कापतात का? आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत नेमकी कोणाकडे मागायची, सर्व्हेअरकडे की कंपनीकडे?