पूजेतील मोहाची धार आणि ग्रामसभेचा ठराव

निवृत्त शिक्षक, धानोरा तालुका, गडचिरोली

आमच्या गावच्या ग्रामसभेने मे महिन्यात ठराव केला की गावात मोहाची दारू कोणीही गाळणार नाही, मग ती विक्रीसाठी असो वा पूजेसाठी. आणि गाळताना सापडल्यास दंड भरावा लागेल. गोंड कुटुंबांनी पूजेपुरती सवलत मागितली होती. ती नाकारणाऱ्यांत मी होतो, म्हणून माझे कारण सांगणे मला आवश्यक वाटते.

जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरीही मोहसडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुले, घरामागे पुरलेला सापडतो आणि विचारल्यास उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे देवाचे आहे. विदर्भातील संतांनी नेमक्या या उत्तराशी झुंज दिली. गाडगेबाबांनी आपल्या अपत्याच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत नाकारून गोडाचे जेवण वाढले, तेव्हा त्यांनी भावकीचा रोष पत्करला होता. त्या काळी तीही परंपराच होती. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या उभारणीचा विचार मांडताना व्यसनांना जागा ठेवली नाही. देवाच्या नावाने ठेवलेली फट शेवटी घरच्या बायकामुलांच्या ताटापर्यंत रुंदावते, हे मी चाळीस वर्षे शाळेत बसलेल्या उपाशी मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे.

त्याच गावातील शेतकरी

गुरुजी, मी आपला विद्यार्थी आहे आणि आपल्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु आपण ज्याला फट म्हणता ती आमच्या पूजेची सुरुवात आहे. पेनाला, म्हणजे आमच्या देवाला, आणि पूर्वजांना दारूची पहिली धार पळसाच्या द्रोणातून जमिनीवर सोडल्याशिवाय आमचे कार्य उभे राहत नाही. मोहाचे झाड आम्हाला फूल, टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल आणि दुष्काळात पोटाला आधार देते. त्याचेच त्याला परत करणे हा त्या विधीचा अर्थ आहे.

दारू म्हणजे पाप हा निर्णय कोणाच्या धर्मग्रंथाने दिला, हेही पाहावे. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातले, पण निषेध सांगताना ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य यांचीच नावे घेतली. कचाच्या कथेत शुक्राचार्यांचा शापही दारू पिणाऱ्या ब्राह्मणाला आहे. उलट वैदिक सौत्रामणी यागात सुरेचीच आहुती होती. महाशिवरात्रीला भांग प्रसाद म्हणून घेतली जाते, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानेही गांजाच्या व्याख्येतून भांगेची नुसती पाने वगळली आहेत. शेगावच्या गजानन महाराजांच्या हातातील चिलीम घरोघरच्या तसबिरींत आहे. ती काढून टाकावी असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही, आणि म्हणूही नये. मग एकट्या आमच्याच द्रोणावर दंड का?

आदिवासी भागांतील ग्रामसभांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच कायद्यात आमच्या रूढी-परंपरा जपण्याची जबाबदारीही ग्रामसभेवरच टाकली आहे. आपण पहिला शब्द उचलला आणि बाकीचे सोडून दिले.

अंगणवाडी सेविका, ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर

भाऊ, तुमचा शास्त्रांवरील आक्षेप मला मान्य आहे. ती शास्त्रे आम्हीही सोडली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ‘मी दारू पिणार नाही’ ही प्रतिज्ञा आहे, आणि माझ्या आजोबांनी ती तेथे उभे राहून घेतली. पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे, म्हणजे भान सुटण्याचे, ठिकाण म्हणते. त्यात वर्ण नाही आणि सणाची सवलतही नाही.

तरीही माझे वडील प्यायचे. प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही दारू शिरते, म्हणून मी कोणत्याही एका समाजाकडे बोट दाखवत नाही. माझा प्रश्न मडक्याचा आहे. पेनाला एक द्रोण जातो, मग उरलेले मडके कोण रिकामे करते आणि त्या रात्री मार कोण खाते? चिलमीचे तसेच आहे. दासगणूंनी लिहिलेल्या गजानन महाराजांच्या पोथीत काशीच्या गोसाव्याने नवसाचा गांजा आणल्याची कथा आहे, पण महाराजांना त्याची आसक्ती नव्हती हेही तेथेच सांगितले आहे. आजचा ओढणारा ती विरक्ती उचलत नाही, केवळ चिलीम उचलतो. आमच्या जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. दुकाने पुन्हा उघडली त्या आठवड्यात माझ्या अंगणवाडीतल्या आयांशी मी काय बोलले, ते मला येथे लिहिवत नाही.

शिंपीकाम करणारा वाचक, अचलपूर

आमच्याकडे दारू हराम आहे, यात वाद नाही. पण कुरआनात हा निषेध टप्प्याटप्प्याने आला, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. आधी सांगितले गेले की तिच्यात काही लाभ आहेत, पण पाप लाभापेक्षा मोठे आहे. नंतर नशेत नमाजाजवळ जाऊ नका असे सांगितले गेले. आणि त्यानंतर ती पूर्ण सोडा असा हुकूम आला. माणसे तयार झाल्यावर शेवटचा शब्द आला. ग्रामसभेने शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली, असे मला वाटते.

निवृत्त शिक्षक

ताईंचा मडक्याचा प्रश्न हाच माझा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. परंतु नियमनाचा पर्याय ठरावाच्या वेळी मी मांडला नाही, हे मला कबूल केले पाहिजे. जिल्ह्याची बंदी असताना दारू गाळायला ग्रामसभा परवानगी देऊ शकेल, असे मला अजूनही वाटत नाही. न आंबवलेले, ताजे मोहफूल पेनाला वाहता येईल का?

त्याच गावातील शेतकरी

ताई, मडके रिकामे होते हे खरे आहे, आणि माझ्या घरातही झाले आहे. गुरुजी, फुलाचे मी भूमकांना, म्हणजे आमच्या पुजाऱ्यांना, विचारले. ते म्हणाले की हे पेनाला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही आणि त्यासाठी सगळी कुळे जमावी लागतील. मात्र मे महिन्यात ठराव झाला त्या दिवशी आमची निम्म्याहून अधिक माणसे तेंदूपाने तोडायला जंगलात होती. हंगाम आता संपला आहे. तो विषय पुन्हा सभेपुढे घ्यावा, आणि त्या दिवशी आमच्या बायकांनाही आधी बोलू द्यावे.