मदत हवी: ब्रॉयलरला शेवग्याचा पाला किती आणि कसा द्यावा?

बांधावरचा: ५०० ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) आहेत, वय १९ दिवस. बॅच स्वतःची आहे, कंपनीच्या कराराची नाही. स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं गोळी खाद्य चालू आहे. फिनिशरला, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्याला, मका आणि सोयापेंड घरीच भरडून मॅश (भरड खाद्य) करणार आहे. बांधावर शेवगा आणि सुबाभूळ भरपूर. दोन दिवस ओला पाला चिरून टाकला, तर पक्षी पाल्यावर तुटून पडतात, खाद्य उरतं आणि विष्ठा पातळ होते. पाला वाढवून सोयापेंड कमी केली तर चालेल का?

मॅशवाला: दादा, ओला पाला आजच बंद करा. त्यात चार भागांतले तीन भाग पाणीच. पक्ष्याचं पोट भरतं, पण ऊर्जा मिळत नाही आणि वजन मागे पडतं. लांब तंतू गळ्याखालच्या अन्नपिशवीत अडकले तर ती फुगून कडक होते, ते वेगळंच.

सोयापेंडीचा हिशोब असा. पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात साधारण २५. ५० किलोच्या पोत्यात ५ किलो पेंड काढून तेवढीच पावडर घातली, तर एक किलो प्रथिनं कमी होतात. म्हणजे २० टक्क्यांचं फिनिशर १८ वर येतं. वर तंतू वाढतात आणि ब्रॉयलरला ते पचत नाहीत. म्हणून पेंडीला हात लावू नका. पाला पूरक म्हणूनच द्या: २२व्या दिवसापासून ५० किलोला अर्धा किलो, चार दिवस विष्ठा घट्ट राहिली तर एक किलो. त्यापुढे मी तरी सुचवणार नाही.

सावलीतला पाला: पावडर नीट झाली नाही तर बाकी सगळं वाया. पाला धुवा, पाणी निथळू द्या, काड्या काढा आणि सावलीत जाळीवर पातळ पसरा. रोज दोनदा उलटा. कडक उन्हात रंग उडतो आणि त्याबरोबर झँथोफिल हे पिवळं रंगद्रव्यही जातं. पाय आणि कातडी पिवळी दिसायला तेच तर हवं असतं. तीन-चार दिवसांनी मुठीत चुरचुर मोडला की दळून चाळा. मऊ लागला तर दळू नका, पिशवीत बुरशी धरेल. कुबट वास आलेली पावडर थोडी थोडी मिसळून संपवायचा मोह टाळा. बुरशीच्या विषाने यकृत जातं, मग कुठलंही टॉनिक कामाला येत नाही.

५०० पक्ष्यांना २२ ते ४० दिवसांत अंदाजे १४०० किलो खाद्य लागतं. दोन टक्के म्हणजे २८ किलो पावडर, त्यासाठी सव्वाशे ते दीडशे किलो ओला पाला. तेवढी छाटणी आणि सावलीची जागा आहे का, ते आधी बघा.

बांधावरचा: धन्यवाद. एवढा शेवगा निघणार नाही. उरलेल्यासाठी सुबाभूळ वाळवून चालेल?

मॅशवाला: ब्रॉयलरला नको. त्यात मिमोसिन हा विषारी घटक असतो, कोवळ्या शेंड्यात सगळ्यात जास्त. वाढ खुंटते. नुसतं सावलीत वाळवून तो पुरेसा जात नाही. सुबाभूळ शेळ्यांना ठेवा, तीही बेतानेच. शेवगा कमी पडला तर एक टक्क्यावर थांबा.

सावलीतला पाला: मिसळायची पद्धतही सांगते. एक किलो पावडर आधी पाच किलो मॅशमध्ये हाताने कालवा, मग ते सगळ्या पोत्यात. थेट ओतली तर हिरवे पट्टे राहतात. गोळी खाद्यात घालू नका: पक्षी गोळ्या वेचतात आणि पावडर फीडरच्या तळाशी साचते.

आणि दादा, ५० पक्षी जाळी लावून वेगळे ठेवा, त्यांना बिनपाल्याचं तेच मॅश द्या. दर आठवड्याला दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी, नर-मादी सारखे घेऊन, सकाळी खाद्य घालण्याआधी तोला. पाल्याकडचं वजन मागे पडलं तर पावडर अर्धी करा.