फुली मारणारे काका

नौदलातला माणूस सिव्हिल इंजिनीअरिंगकडे, म्हणजे बांधकामाकडे कसा काय वळतो, असं एकाने विचारलं. आमच्या वाशीच्या सोसायटीतले काका गेल्या महिन्यात गेले, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो.

१९७१च्या युद्धात ते 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होते, जिथे जहाज चालवणारी वाफ तयार होते. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे जहाज तीनवरच बंगालच्या उपसागरात लढलं. (शौर्याचं विचारलं की काका घामाचंच सांगायचे.) नौदल सुटल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला. "गंज तोच रे, फक्त इथे जहाज हलत नाही," म्हणायचे.

आणि खरंच आहे. खाडीच्या हवेतलं मीठ हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजून फुगते आणि वरचा थर फोडून काढते. पंच्याहत्तरीतही काका हातोडी घेऊन बीमवर टकटक करत फिरायचे. पोकळ आवाज आला की खडूने फुली! एकदा कंत्राटदार गंजलेल्या सळईवर नुसतंच प्लास्टर चोपडत होता, त्याला चक्क शिडीवरून खाली उतरवलं होतं.

पार्किंगमधल्या खांबावर त्यांची शेवटची फुली अजून आहे. त्याचं काम सोमवारी सुरू होतंय.