मदत हवी आहे: सहा सेशन झाली, त्रास वाढलाच. थेरपी सोडू का?

रातराणी_११
थेट विचारते. ट्रॉमासाठी थेरपी सुरू केली, सहा सेशन झाली. आधी आठवड्यातून एखाद्या रात्री दचकून उठायचे, आता रोज उठते. डोकं गरगरतं, चारचौघांत बसले असताना एकदम रडू फुटतं. कालच्या सेशननंतर जिन्यात अर्धा तास बसून होते, पाय उचलत नव्हते. बरं व्हायला गेले होते ना मी? पुढचं सेशन गुरुवारी आहे. जाऊ की नको, एवढंच सांगा. कृपा करून "धीर धर" लिहू नका. रात्रीचे दोन वाजलेत आणि धीर संपलाय म्हणूनच लिहितेय.

पाऊलवाट
कुठली थेरपी? घटना कधीची? गोळ्या चालू आहेत का? एवढ्याशा माहितीवर कुणीच काही सांगू शकणार नाही.

जुना_वाटसरू
ताई, सोडून द्या. तेच तेच उगाळून जखम भरत नसते. मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलो आणि माझी वीस वर्षांची अस्वस्थता गेली. डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, बाकी काही नाही. मनापासून सांगतो, एकदा जाऊन बघा.

कवडसा
वाटसरूदादा, तुम्हाला लाभलं याचा आनंद आहे, पण हा सल्ला सगळ्यांना देऊ नका. ज्याला डोळे मिटताच तेच दृश्य दिसतं, त्याला दहा दिवस डोळे मिटून गप्प बसवणं घातक ठरू शकतं. मी तिसऱ्या दिवशी थरथरत बाहेर आले होते. बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे आत काय चाललंय हे कुणाला सांगताही येईना.

जुना_वाटसरू
तिथे शिक्षकांशी बोलता येतं. तुम्ही अर्धवट सोडलंत म्हणून तसं झालं.

कवडसा
अर्धवट सोडलं म्हणूनच मी सावरले. ध्यान वाईट आहे असं मी म्हणतच नाही. या अवस्थेत, एकदम इतकं आणि जवळ जाणकार माणूस नसताना नको, एवढंच म्हणतेय.

रातराणी_११
ईएमडीआर. ते बोटं फिरवतात आणि आपण नजरेने त्यांच्यामागे जायचं, ते. अपघात होता, अडीच वर्षं झाली. गाडी मी चालवत होते. त्यापुढचं विचारू नका. जाऊ की नको?

तर्कशुद्ध
बोटांमागे डोळे फिरवून आघात बरा होतो यावर माझा विश्वास नाही. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ साली बागेत फिरताना ही कल्पना सुचली आणि १९८९ साली त्यांनी पहिला अभ्यास छापला. तेव्हापासून आजपर्यंत डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय होतं यावर वाद आहे. आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं हेच खरं औषध, असं मानणारे पुष्कळ तज्ज्ञ आहेत.

मधली_खिडकी
वाद कारणाबद्दल आहे, परिणामाबद्दल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ट्रॉमा-फोकस्ड सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, आघातावर बेतलेली थेरपी) ईएमडीआरचीही शिफारस केली आहे. कसं काम करतं हे पुरतं कळलं नाही म्हणून काम करतच नाही असं होत नाही.

आता रातराणी, तुझ्यासाठी. मी स्वतः यातून गेले आहे. ईएमडीआरचे आठ टप्पे असतात आणि बोटं फिरवणं चौथ्यात येतं. त्याआधी पूर्वेतिहास घेतात, सावरायचं कसं ते शिकवतात, मनात एक सुरक्षित जागा उभी करायला लावतात. माझ्या बाईंनी पहिली चार सेशन आठवणीला हातही लावू दिला नव्हता. आठवण उघडल्यावर काही दिवस स्वप्नं वाढतात, हे बऱ्याच जणांचं होतं. पण सेशन संपवताना माणसाला जमिनीवर आणून मगच घरी पाठवायचं असतं. तू जिन्यात बसलीस ते मला खटकलं. शेवटी ० ते १० मध्ये त्रास किती ते विचारलं होतं ना? किती सांगितलंस?

निळीशाई
अडीच वर्षं झाली म्हणजे एव्हाना निवळायला हवं होतं. मन दुसरीकडे गुंतवा.

पाऊलवाट
निळीशाई, असं नसतं हो. त्रास महिन्याहून जास्त टिकला तरच पीटीएसडीचं निदान करतात, आणि उपचारांविना तो वर्षानुवर्षं राहू शकतो. "एव्हाना" हा शब्द ऐकून ऐकूनच लोक मदत मागायचं टाळतात. माझ्या वडिलांनी टाळली.

रातराणी, गोळ्यांचं राहिलं.

अनुस्वार
माझा मुलगा परीक्षेच्या आधी फार घाबरतो. त्यालाही ईएमडीआर चालेल का?

रातराणी_११
शेवटी ८ होता. वेळ संपली होती, बाहेर पुढचा माणूस थांबला होता. "बरं वाटतंय का" विचारलं तर मी हो म्हणाले. त्यांना उशीर नको व्हायला.

मधली_खिडकी
अगं! म्हणजे तू ८ वर असताना घरी गेलीस आणि त्यांना ते माहीतच नाही. एका सेशनमध्ये आठवण पूर्ण निवळली नाही तर ती तात्पुरती मिटून ठेवायची पद्धत असते, पण तू ठीक आहेस असं त्यांना वाटलं तर त्या ते कशाला करतील? उद्या फोन करून सांग. त्यांच्या उशिराची काळजी तू करायची नाहीस.

दुसरीबाजू
"गाडी मी चालवत होते" हे वाक्य वाचून थांबलो. माझंही तसंच एक वाक्य होतं. मला सीपीटी नावाच्या थेरपीने हात दिला. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत, साधारण १२ सेशन. "माझ्यामुळे झालं" यासारखे अडकून बसलेले विचार कागदावर मांडायचे आणि एकेक तपासायचा: तेव्हा मला काय माहीत होतं, किती सेकंद हातात होते, आणि आज जे कळतंय ते मी त्या दिवसाच्या माझ्यावर तर लादत नाही ना. घटनेचं सविस्तर वर्णन करणं त्यात सक्तीचं नसतं. ईएमडीआर जमत नसेल तर याबद्दल विचारा.

तर्कशुद्ध
सीपीटीला माझा दुजोरा. डोळे फिरवायला लागत नाहीत.

मधली_खिडकी
सहा सेशननंतर थेरपी बदलायला सांगू नका तिला. आधी आहे ते नीट होऊ द्या.

पाऊलवाट
तिसऱ्यांदा विचारतो. गोळ्या?

रातराणी_११
त्याचा काय संबंध? पॅरॉक्सेटिन चालू होती, ती नैराश्य-चिंतेवरची गोळी, वर्षभर. थेरपी सुरू झाली म्हणून मीच बंद केली. तीन आठवडे झाले असतील.

पाऊलवाट
कमी करत करत बंद केली की एकदम?

रातराणी_११
एकदम. डॉक्टरांना विचारलं नाही.

पाऊलवाट
संबंध आहे. ही गोळी एकदम तोडली तर गरगरणं, विजेचे झटके बसल्यासारखं होणं, फार ठळक स्वप्नं, झोपमोड, कारण नसताना रडू येणं, हे सगळं होऊ शकतं. याच गटातल्या इतर गोळ्यांपेक्षा हिच्या बाबतीत हे जास्त दिसतं, कारण ती शरीरातून लवकर निघून जाते. शिवाय गोळीने दबलेला मूळ त्रासही डोकं वर काढतो. तुमच्या त्रासात थेरपीचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे इथे कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. उद्या सकाळी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. स्वतःहून परत सुरू करू नका, घरातली झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नका.

आणि स्पष्ट विचारतो, राग मानू नका. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? येत असेल तर गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. आत्ता घरातल्या कुणाला तरी उठवा.

रातराणी_११
नाही. तसं येत नाही. विचारलंत, बरं वाटलं. घरात कुणी विचारलं नव्हतं. झटक्यांचं तुम्ही लिहिलंत ते मला होतंय, मान वळवली की. मला वाटलं अपघाताचंच काहीतरी आहे.

जुना_वाटसरू
गोळ्यांचं माहीत नव्हतं. शिबिराचं माझं म्हणणं सध्या मागे घेतो. ताई, फोन नक्की करा.

रातराणी_११
दोन्ही फोन केले. डॉक्टरांनी आजच बोलावून गोळी पुन्हा सुरू केली, कमी डोसवर. झटके थांबले की अनेक आठवड्यांत हळूहळू उतरवायची म्हणाले. थेरपिस्टना ८ चं सांगितलं. त्या क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या की गुरुवारी आठवण उघडायची नाही, पूर्ण वेळ सावरण्याच्या सरावाला, आणि इथून पुढे शेवटची पंधरा मिनिटं मिटवण्यासाठी राखून. गोळी बंद केल्याचं आधी का नाही सांगितलंस, हेही विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

गुरुवारी जातेय. दुसरीबाजू, ते "किती सेकंद हातात होते" मी वहीत लिहून घेतलंय. अजून उत्तर लिहिलेलं नाही.

दुसरीबाजू
घाई नको. मला ते लिहायला पाच आठवडे लागले. आणि लिहिताना जवळ कुणीतरी असू द्या.

अनुस्वार
माझ्या मुलाचं राहिलं.

मधली_खिडकी
अनुस्वार, परीक्षेची भीती आणि आघात या वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीवर साधी सीबीटी चांगली चालते. त्याचं वय किती, आणि नेमकं काय होतं त्याला? वेगळा धागा काढा, तिथे येते.