पुन्हा पुन्हा मागणे हा अविश्वास नव्हे

एकच मागणी रोज देवापुढे ठेवणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे; मला ते पटत नाही. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात अन्यायी न्यायाधीशाकडे न्याय मागायला वारंवार जाणाऱ्या विधवेचा दाखला येशूने दिला, तो शिष्यांनी प्रार्थनेत खचून जाऊ नये म्हणूनच. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असे तेथे मुळीच म्हटलेले नाही. तसला माणूसही अखेर दाद देतो, तर आपला पिता कसा देणार नाही, असा तो युक्तिवाद आहे.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढताना दोन्ही टोकांना माणसे दोर धरून बराच वेळ ओढत राहतात आणि जाळे काठाशी येईपर्यंत आत काय आहे, ते कुणालाच नीट दिसत नाही. रोजची प्रार्थनाही मला तशीच वाटते.

माझ्या भावाचे व्यसन सुटावे म्हणून मी 11 वर्षे प्रार्थना करीत आहे. ते सुटलेले नाही. परंतु त्याच्याविषयी मनात साचलेला राग कधी ओसरला, हे मला कळलेही नाही, आणि आता मी त्याच्या शेजारी बसून जेवू शकतो. येशूचा प्रेषित पौल यानेही ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा राहिला, पण देवाची कृपा पुरेशी असल्याचे उत्तर त्याला मिळाले. भावासाठीची माझी प्रार्थना मात्र आज सकाळीही झाली.