सेसना १७२ ची लँडिंग: कुठे बिघडतं, का बिघडतं

शिकवणारे (उजवी सीट), शिकणारे (डावी सीट) आणि हँगरमधली, म्हणजे विमानं दुरुस्त करणारी मंडळी, सगळ्यांनी लिहावं. पहिल्या सोलोच्या (एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या) गोष्टी नकोत, कामाचं सांगा. विमान १७२एस (छोट्या सेसना १७२ चा एक प्रकार) धरू. बाकीच्यांनी आकडे आपल्या विमानाच्या हँडबुकातले घ्यावेत.

उजवी सीट
फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेऊन उतरणं मंद करणं, बिघडला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो फायनलवरच (पट्टीच्या रेषेत सरळ उतरतानाच) बिघडलेला असतो. फुल फ्लॅपला (पंखामागचे पत्रे पूर्ण खाली असताना) ६५ नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ७२ ठेवले, तर सातच नॉट जास्त वाटतात. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. ती जिरेपर्यंत विमान खाली बसत नाही. त्यात पंखांचा पसारा ३६ फूट. जमीन त्याहून जवळ आली की ड्रॅग (हवेचा अडथळा) घटतो आणि विमान आणखी तरंगतं. पट्टी संपत चालली की विद्यार्थी घाबरून योक (हातातलं नियंत्रण-चाक) पुढे ढकलतो आणि नोज व्हील आधी टेकतं.
यावर इलाज ट्रिमचा, म्हणजे योकवर जोर न लावता वेग टिकेल असं विमान जुळवण्याचा. फायनलवर योक क्षणभर सैल सोडला तरी ६५ टिकले पाहिजेत. जोर लावून धरलेला वेग नजर दुसरीकडे गेली की बदलतो. ३०० फुटांवर वेग पाच नॉटांनी इकडेतिकडे असेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

डावी सीट, अजून शिकतोय
नजरेचं कुणी लिहिलं नाही. नाकासमोरची जमीन बघत राहिलं की ती नुसती सरकताना दिसते, उंची कळत नाही. मग एकतर पंधरा फुटांवर फ्लेअर होतो, नाहीतर होतच नाही. राउंड-आउट (खाली येणारं विमान आडवं करणं) सुरू झाला की नजर पट्टीच्या लांबच्या टोकाला न्यायची. नेहमीपेक्षा रुंद पट्टीवर आपण खाली आल्यासारखं वाटतं आणि फ्लेअर वरच होतो. अरुंद पट्टीवर उलट.
बलून झालं (फ्लेअरमध्ये विमान पुन्हा वर उचललं गेलं) तर योक आहे तिथेच थांबवायचा. किंचित पॉवर, विमान खाली येऊ द्यायचं, मग पुन्हा हळूहळू ओढायचा. बलून मोठं असेल तर वाचवत बसू नये.

हँगर
पहिल्या उडीत सहसा काही मोडत नाही. मोडतं ते पुढच्या उड्यांत. विमान उसळलं की वैमानिक नाक खाली घालतो, नोज व्हील आपटतं, नाक वर जातं, तो ओढतो, तेवढ्यात ते पुन्हा खाली यायला लागलेलं असतं. हात प्रत्येक वेळी उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक उडी आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या उडीला फुल थ्रॉटल (पूर्ण पॉवर) आणि गो-अराउंड, चर्चा नंतर.
१७२ चं नोज गियर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) बसवलेलं आहे, त्यामुळे मार तिथेच जातो. आम्ही आधी रडर (शेपटीचं सुकाणू) फिरवणाऱ्या पेडलांजवळच्या पत्र्यावर सुरकुती शोधतो, मग सैल रिवेटभोवतीची काळी रेघ, धक्का शोषणाऱ्या स्ट्रटमधून गळणारं तेल आणि प्रॉपची (पुढच्या पंख्याची) टोकं. चालू इंजिनाचा प्रॉप जमिनीला लागला असेल, तर टोक घासून काम भागत नाही. लायकमिंग इंजिनाच्या मागच्या बाजूचा क्रँकशाफ्ट गियर उघडून तपासावा लागतो. म्हणून हार्ड लँडिंग झालं की लगेच सांगा आणि टेक-लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहा. लपवलेली सुरकुती पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जाते.

क्रॉसविंड
पट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉट वारा म्हणजे १० नॉट क्रॉसविंड (आडवा वारा). हँडबुकातले १५ नॉट हे चाचणीत करून दाखवलेले आहेत, शिकाऊ माणसासाठी उद्दिष्ट नव्हे. वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध रडर, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं, इथपर्यंत बहुतेकांना जमतं. गडबड पुढे होते. चाकं टेकली की योक मोकळा सोडतात. वेग उतरत जाईल तसा तो वाऱ्याच्या बाजूला वाढवत शेवटपर्यंत न्यायचा असतो. दुसरं म्हणजे, नोज व्हील रडर पेडलांशी जोडलेलं आहे. पाय वाकडा ठेवून ते टेकवलंत तर विमान झटक्याने वळणारच.

बारामतीकर
इथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. मे महिन्यात ३८ अंशाला डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा किती विरळ हे उंचीत सांगणारा आकडा) ५,००० फुटांच्या पुढे जाते. डायलवर ६५ असले तरी हवेतला खरा वेग ७० च्या आसपास असतो. जमीन भराभर पळताना दिसते, म्हणून मुलं नाक वर घेतात आणि वेग ५५ वर येतो. डायलवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. शिवाय दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावर विमान वर उचललं जातं आणि उसावर आलं की बसतं. हे अपेक्षित धरून थ्रॉटलवर हात ठेवा.

उजवी सीट
वर दोनदा गो-अराउंड आलं, त्यातल्याही चुका सांगतो. फुल थ्रॉटल, फ्लॅप लगेच ३० अंशांवरून २०, वेग ६०. अडथळे पार झाले की १०, मग शून्य. घाईत फ्लॅप एकदम शून्यावर नेले तर विमान खाली बसतं. ट्रिम उतरण्याचा असल्यामुळे पॉवर देताच नाक जोरात वर येतं, तेव्हा योक चांगलाच दाबून धरावा लागतो, जोडीला उजवा रडर.

हँगर
टाचा फरशीवर ठेवा. टेकताना पायाची बोटं ब्रेकवर असली की टायर एकाच जागी घासून सपाट होतो.